कोशिंबिरीचा कणा : दाण्याचे कूट

मराठी पंक्तीत ताटाची डावी बाजू पोट भरण्यासाठी नसते. मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर एवढाच तिचा पसारा. परंतु उजवीकडची भाजी-आमटी कितीही उत्तम साधली, तरी डावी बाजू रिकामी असली की जेवण अपुरे वाटते. जैन घरांत ही डावी बाजू मुळातच आखूड आहे. कांदा नाही, मुळा नाही, गाजर नाही, बीट नाही, ओले आलेही नाही. इतरत्र कोशिंबिरीला झणका, गोडवा आणि रंग ज्या कंदमुळांतून मिळतो, तो सारा मार्ग येथे बंद असतो. उरतात काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कैरी आणि काही फळे. यांतील बहुतेक वस्तू पाणीदार आणि सौम्य. एकट्या काकडीत शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच असते. या पाण्याला अंग देणारी, त्याला ताटात ओहोळ होऊ न देणारी आणि जिभेला काही चावल्याचे समाधान देणारी वस्तू एकच, ती म्हणजे भाजलेल्या दाण्यांचे कूट.

गेल्या काही वर्षांत मात्र ही कोशिंबीर घरोघर मागे सरली आहे. तिची जागा काकडी-टोमॅटोच्या गोल चकत्यांनी घेतली. चकत्या कापायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या खाल्ल्या न खाल्ल्या तरी कोणाचे लक्ष जात नाही. लग्नकार्याच्या बुफेत तर त्या शोभेपुरत्याच मांडलेल्या असतात. मुले त्या चकत्यांना हात लावत नाहीत, आणि लावलाच तर वरून ओतायला बाटलीतले ड्रेसिंग मागतात.

या बाटलीकडे घरातील कर्त्या स्त्रीने जरा थांबून पाहायला हवे. वेष्टनावर हिरवा ठिपका दिसला की पुष्कळजण निश्चिंत होतात. तो ठिपका एवढेच सांगतो की आत मांस, मासे, अंडी यांपैकी काही नाही. कांद्याची वा लसणाची पूड आत असली तरी ठिपका हिरवाच राहतो. इतकेच नव्हे, तर भारतीय खाद्यनियमांनी मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातून दूध आणि दुधाच्या पदार्थांप्रमाणे मधही वगळलेला आहे. म्हणजे मध घातलेल्या मोहरीच्या सॉसवरही हिरवा ठिपका असू शकतो. ज्या घरात मधाचा त्याग आहे तेथे ठिपक्यावर विसंबणे पुरेसे नाही, मागच्या बाजूची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचावी लागते. पीनट बटरच्या बरणीलाही हेच लागू. आणि एवढे वाचून झाल्यावर सहज लक्षात येते की बाटलीत जे विकत घ्यायचे, म्हणजे थोडी स्निग्धता, थोडा आंबटपणा, थोडे गोड आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा दाटपणा, ते सारे घरच्या डब्यातील दाणे आणि अर्धे लिंबू यांतून निघते.

शेंगदाण्याविषयी एक प्रश्न घरातील मुले हमखास विचारतात. बटाटा जमिनीखाली येतो म्हणून तो चालत नाही, मग शेंगही जमिनीखालीच येते, ती कशी चालते? प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘मोठ्यांनी सांगितले म्हणून’ असे उत्तर देऊन वाटेला लावू नये. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर, पानांच्या बगलेत उमलते. फळधारणा झाली की फुलाच्या बुडाशी एक दांडी वाढू लागते. शेतकरी तिला आऱ्या म्हणतात. आऱ्या खाली वळतात, मातीत शिरतात आणि त्यांच्या टोकाशी शेंग भरते. म्हणजे शेंग हे फळ आहे आणि दाणा हे त्यातील बी. झाडाचे मूळ निराळे असते. बटाट्यासारखा तो अन्न साठवून फुगलेला खोडाचा भाग नव्हे, की त्याच्या प्रत्येक डोळ्यातून नवा कोंब फुटावा. अनंतकाय म्हणून ज्या कंदमुळांचा निषेध आहे त्यांत शेंगदाणा मोडत नाही तो यामुळे. पुढच्या वेळी शेतावर जाण्याचा योग आला, तर मुलांना एक वेल उपटलेला दाखवावा. आऱ्या आणि मुळे यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. मिरचीप्रमाणेच तेही समुद्रमार्गे इकडे आले आणि दख्खनच्या हलक्या जमिनीत असे रुजले की आज दाण्याच्या कुटावाचून मराठी स्वयंपाकघराची कल्पना करवत नाही. सोलापूरकडे तर शेंगांच्या चटणीचे स्थान भाजीच्या बरोबरीचे आहे. ती चटणी बाजारात मिळते तेव्हा तिच्यात लसूण असतोच. जैन घरे जिरे आणि तिखटावर ती तितकीच खमंग करतात.

आता मुख्य कामाकडे वळू. कोशिंबीर बिघडते ती बहुधा काकडीमुळे नव्हे, कुटामुळे. दाणे आधी निवडावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्याजोगे नाही. सुरकुतलेले, काळपट, हिरवट झाक असलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाकावेत. भुईमुगावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. पावसाळ्यात दमट जागी ठेवलेल्या दाण्यांत हा धोका अधिक. एक खवट दाणा वाटीभर कुटाची चव बिघडवतो हेही खरेच.

निवडलेले दाणे जाड बुडाच्या कढईत, शक्यतो लोखंडी, मंद आचेवर भाजावेत. घाई केली तर साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. अशा कुटाला रंग येतो पण खमंगपणा येत नाही. पावशेर दाण्यांना बारा ते पंधरा मिनिटे लागतात. सालीवर बारीक तडे दिसू लागले, दाणा तडतडला आणि एखादा दाणा फोडल्यावर आतून फिकट बदामी दिसला की आच बंद करावी. गरम कढईत दाणे ठेवले तर ते भाजतच राहतात, म्हणून लगेच ताटात पसरावेत. पूर्ण निवल्यावर हातांनी चोळून सुपात पाखडले की सालपटे उडून जातात. सर्वच साल काढण्याचा अट्टाहास नको. थोडी राहिली तर चवीला बरीच असते.

कुटण्याचे काम खलबत्त्यात उत्तम होते, यात जुन्या बायकांचा हट्ट नाही, कारण आहे. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. मिक्सरचे पाते वेगाने फिरले की दाणे तापतात, तेल सुटते आणि कूट भुरभुरीत न राहता त्याचे गोळे होतात. खलबत्त्यात दाणा चेपला जातो. काही भागाचे पीठ होते, काहीचा रवा, आणि काही दाण्यांचे तुकडे तसेच उरतात. कोशिंबिरीला हे तीनही हवे असतात. पीठ रस शोषून घेते, रवा फोडींना चिकटून बसतो आणि तुकडे दाताखाली येतात. खलबत्ता नसेल तर मिक्सर अर्धा क्षण फिरवून थांबवावा, भांडे हलवावे, पुन्हा अर्धा क्षण फिरवावा. असे तीन-चार वेळा केले की पुरे. सलग फिरवलेले कूट लाडवाला चालेल, कोशिंबिरीला नाही.

महिन्याभराचे कूट एकदाच करून बरणी भरून ठेवण्याची पद्धत शहरांत रूढ झाली आहे. ती सोयीची आहे, परंतु चवीला मारक आहे. अखंड दाण्यातील तेल आत सुरक्षित असते. दाणा फुटला की त्याला हवा लागते आणि ते हळूहळू खवट होऊ लागते. येथे घरातील जुना नियम उपयोगी पडतो. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस अशी दिगंबर परंपरेत पाळली जाते, आणि कुटालाही तीच मर्यादा लावणारी घरे पुष्कळ आहेत. नियमाचा हेतू जीवदयेचा आहे. पण त्या हिशोबाने थोडे थोडे कूट करणाऱ्या घरातील कोशिंबिरीला जो ताजा खमंग वास येतो तो बरणीतल्या कुटाला येत नाही. दाणे भाजून ठेवावेत आणि कूट लागेल तसे करावे, हा मधला मार्ग नोकरी करणाऱ्या घरांनाही झेपण्यासारखा आहे.

काकडीच्या बाबतीत घराघरांत दोन पक्ष आहेत. एक किसणारा आणि दुसरा चोचवणारा. चोचवणे, काही ठिकाणी कोचवणे, म्हणजे सोललेली काकडी हातात उभी धरून तिच्या तोंडावर सुरीने आडवे-उभे बारीक घाव घालायचे आणि मग तेवढा थर विळीवर उतरवायचा. असे करत गेले की ज्वारीच्या दाण्याएवढ्या फोडी पडतात. किसणीवर काकडी चिरडली जाते, तिचे पाणी तत्काळ सुटते आणि ते पिळून टाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पिळलेल्या काकडीत उरते ते काय? चोचवलेली काकडी कुरकुरीत राहते आणि तिचे पाणी तिच्यातच राहते. या वादात चोचवणाऱ्यांचा पक्ष निर्विवाद सरस आहे, मग त्यात पाच मिनिटे अधिक का जाईनात. काकडी कापण्यापूर्वी देठाकडची एक चकती चाखून पाहावी. कडूपणा असला तर तो बहुधा त्याच टोकाला अधिक असतो. संपूर्ण काकडीच कडू जहर लागली तर ती निमूटपणे बाजूला टाकावी, साखरेने तो कडूपणा झाकत बसू नये.

खरी मेख मिठात आहे. फोडींवर मीठ पडले की ते आतले पाणी बाहेर ओढू लागते. दहा मिनिटांत पातेल्याच्या तळाशी पाणी साचते, कूट भिजून त्याचा चिखल होतो आणि लोक म्हणतात की काकडीच वाईट होती. म्हणून मीठ सर्वांत शेवटी, पाने वाढली जात असताना घालावे.

चार माणसांसाठी मध्यम आकाराच्या दोन काकड्या चोचवून घ्याव्यात. त्यांवर पाव वाटीहून थोडे अधिक कूट, दोन चमचे खवलेले ओले खोबरे, चमचाभर साखर आणि चिरलेली कोथिंबीर घालावी, पण कालवू नये. कूट वरच राहू द्यावे. पळीत एक मोठा चमचा तूप तापवून त्यात अर्धा चमचा जिरे फुलवावेत. मग आच बंद करून चिमूटभर हिंग आणि एका हिरव्या मिरचीचे तुकडे टाकावेत आणि ही फोडणी थेट कुटावर ओतावी. गरम तूप कुटाला लागताच त्याचा सुवास जागा होतो. तेच तूप काकडीवर पडले तर नुसते थंड होऊन थिजते. त्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. मग मीठ घालून हलक्या हाताने, खालून वर असे दोन-तीन वेळा कालवले की लिंबाचा रस, तूप आणि कुटातील पीठ यांचे दाटसर आवरण प्रत्येक फोडीवर बसते. हीच खमंग काकडी. तिच्यात कांद्याची उणीव कोणालाही भासत नाही, कारण या पदार्थात मुळातच कांदा नव्हता.

दही घालायचे असेल तर थोडा विचार हवा. कच्च्या दह्याशी कडधान्याचा वा डाळीचा संयोग म्हणजे द्विदल, आणि तो वर्ज्य. ज्याची दोन दळे होतात आणि ज्यातून तेल निघत नाही ते द्विदल, अशी व्याख्या पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. शेंगदाण्यातून तेल निघते म्हणून त्या घरांत दही-कुटाची कोशिंबीर चालते. काही घरांत मात्र दोन फाकी होणारा कोणताही दाणा दह्यात घालत नाहीत. सुनेने वा पाहुण्याने येथे शास्त्रार्थ करण्यापेक्षा त्या घरची रीत विचारून घ्यावी आणि दह्याऐवजी लिंबू पिळावे. कैरीच्या दिवसांत किसलेली कैरीही तेच काम करते. भिजवलेली मूगडाळ घातलेली कोशिंबीर कर्नाटकाच्या सीमेवर आवडीने होते. तिकडच्या कोसंबरीशी तिचे नाते नावातूनच उघड आहे. परंतु तिच्यात दह्याचा थेंबही नको, आणि डाळीला मोड येईपर्यंत ती भिजत ठेवू नये.

हिवाळ्यात मेथीचा घोळाणा करावा. कोवळी मेथी पान-पान पाहून, निवडून, तीन पाण्यांतून धुऊन, कोरडी करून बारीक चिरावी. तिच्यात भरपूर कूट, तिखट, मीठ आणि वरून करडईचे कच्चे तेल घालून भाकरीबरोबर खावे. येथे कुटाचे प्रमाण काकडीच्या दुप्पट ठेवावे, म्हणजे मेथीचा कडवटपणा गोडीकडे झुकतो. अनेक घरे मेथीलाही द्विदलात धरतात, तेव्हा तिच्यासोबत ताटात कच्चे दही नको. तिळाचे वा कारळाचे कूट मेथीला शेंगदाण्याइतकेच शोभते. कारळाचे तर काकणभर अधिकच, पण ते जपून वापरावे. जास्त झाले की साऱ्या कोशिंबिरीचा रंग आणि चव दोन्ही व्यापून टाकते.

गाजर-बिटाचा रंग हवा असेल तर डाळिंब आहे. सोलापूर, सांगली, नाशिक या भागांत त्याला तोटा नाही. काकडीत मूठभर डाळिंबाचे दाणे आणि थोडे भरड कूट एवढ्यानेही ताट उजळते. पिकू लागलेल्या पेरूच्या फोडींना कूट, जिरेपूड आणि लिंबू लावले की मुले वाटी चाटूनपुसून साफ करतात. टोमॅटो मात्र हट्टी. त्याचे पाणी आवरत नाही, म्हणून त्याच्या बिया काढून, घट्ट गरच तेवढा वापरावा आणि कूट नेहमीपेक्षा भरड ठेवावे.

कच्च्या भाजीतले क जीवनसत्त्व शिजवल्याने घटते ते येथे टिकते, आणि कुटातील स्निग्धांशामुळे भाजीतील स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वे शरीराला घेता येतात. शेंगदाण्यात सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात हेही शाकाहारी घराने ध्यानात ठेवण्याजोगे.

एकाच घरात सर्वांचे नियम सारखे नसतात, आणि कोशिंबिरीची खरी परीक्षा तेथे होते. ज्या वडीलधाऱ्यांचा सचित्ताचा त्याग आहे त्यांना कच्ची काकडी चालत नाही. त्यांच्यासाठी निराळा पदार्थ करावा लागेल म्हणून सून कोशिंबीरच रद्द करते, किंवा आजींच्या ताटाची डावी बाजू तेवढी रिकामी राहते. दोन्ही गोष्टी टाळता येतात. दुधी किंवा कोवळी तोंडली बारीक चिरून पाण्यात नीट शिजवून घ्यावीत, निथळून निवू द्यावीत आणि त्यांवर हेच कूट व हीच फोडणी घालावी. फोडणीतील मिरची नीट परतलेली असावी आणि ओल्या कोथिंबिरीऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड वापरावी. लिंबाविषयी त्यांनाच विचारावे, नको असेल तर आमसूल भाजीसोबतच शिजवून घ्यावे. वेगळ्या वाटीत असली तरी ती दिसायला आणि चवीला त्याच कुळातली राहते.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते आणि चातुर्मासात पालेभाज्या बंद असतात. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात तर नियम अधिकच बारीक होतात. त्या दिवसांत कोशिंबिरीचा हट्ट नको. ताज्या कुटात तिखट, मीठ, जिरे घालून त्याची कोरडी चटणी करावी आणि वर तूप घ्यावे. कोशिंबिरीचा अर्धा भाग ताटात आलाच.

राहता राहिला डब्याचा प्रश्न. रात्रिभोजन न करणाऱ्या नोकरदारांना हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वीचे जेवण कार्यालयातच उरकावे लागते, आणि डब्यातली कोशिंबीर तोवर पाणी होऊन जाते. ती सकाळी कालवूनच देऊ नये. काकडीही चिरून न देता धुऊन, पुसून अखंड द्यावी आणि सोबत लहान सुरी. एका छोट्या डबीत कूट, साखर, जिरेपूड आणि मीठ कोरडेच एकत्र करून भरावे. फोडणी दिलेले कूट द्यायचे तर ते पूर्ण निवल्यावरच डबीत घालावे, नाहीतर झाकणाला वाफ धरते. लिंबू वेगळे द्यावे. जेवायला बसल्यावर काकडी डब्याच्या झाकणातच चिरून वर डबी रिकामी केली आणि लिंबू पिळले की झाले. डबी थोडी मोठी द्यावी. शेजारच्या टेबलावरचे सहकारी कूट मागतातच.